बॉयलरघरातला माणूस

"उस्ताद, यंदा पाच मिनिटांत आटपायचं नाही हं. लोक तुमच्यासाठी आलेत," कार्यक्रमाचा संयोजक फरामर्ज म्हणाला आणि त्यानं हैबतच्या कोटाला फूल टाचलं.

"लोक घरी जायला टपलेत. उद्या संध्याकाळी वर्ष पालटतंय," हैबत म्हणाला. "फरामर्ज, मला आज वेगळंच बोलायचंय."

"बोला की! तुम्ही काहीही बोला, तुमचा शब्द आमच्या डोक्यावर."

इराणचं तेल इंग्रज कंपनीकडून देशाच्या मालकीचं झालं त्याला आज पन्नास वर्षं होत होती. अबादानच्या निवृत्त तेल कामगारांच्या क्लबात सकाळपासून मुलांची गाणी झाली. मग तेहरानहून आलेले प्राध्यापक तासभर बोलले. आता बंदरावरची पोरं कातडी पिशवीची बासरी फुंकून नाचत होती आणि पुढच्या रांगेतले म्हातारे खुर्चीवरच खांदे उडवत होते. पडद्याआड हैबत स्टुलावर बसून गुडघे चोळत होता. बारा वर्षं दर वेळी हेच स्टूल, हाच कोमट चहा आणि हीच गोष्ट.

यंदा मात्र क्लबानं पितळी पाटी करून आणली होती. नदीकाठच्या बॉयलरघराच्या दारावर त्याचं नाव लागणार होतं. पाटी कागदासारखी फाडता येत नाही. आज खरं बोललं नाही, तर आपण गेल्यावरही खोटं तिथं चमकत राहील, या विचारानं त्याला आठवडाभर झोप नव्हती.

नाच संपला. फरामर्जनं हैबतला हाताला धरून मंचावर नेलं. तिसऱ्या रांगेत गुलअंदाम खानम बसली होती, नामदार या त्याच्या जुन्या सोबत्याची बायको. नामदारला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"इंग्रज गेले त्या दिवसाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे," हैबतनं सुरुवात केली. "बॉयलरघरात पाळी आम्हा दोघांचीच होती, माझी आणि नामदारची. वाफ थांबली असती तर नळांतलं जाड तेल थिजून दगड झालं असतं. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी उतरलं असतं तर बॉयलर फुटला असता. जाताना इंग्रज म्हणाला होता की, आठ दिवसांत तुम्ही सगळं विझवून बसाल. आणि मी दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत एकटा पाणी सोडायचं चाक फिरवत राहिलो, असं मी सांगत आलो."

टाळ्या झाल्या. त्यानं हात वर केला.

"थांबा. मी तिथं नव्हतो."

तो माइकच्या आणखी जवळ सरकला.

"नामदार आत असेल असं धरून मी धक्क्यावर पळालो. इंग्रज बोटीत चढताना बघायचे होते. संध्याकाळी परतलो, तर नामदार बॉयलरपाशी उभा. आपल्या नव्या इराणी साहेबानं विचारलं, कोणी सांभाळलं? नामदारनं माझ्याकडे बोट दाखवलं. स्वतःचं श्रेय मित्राला देऊन टाकलं त्यानं. आणि मी घेतलं. मी काहीही केलेलं नाही. पाटी त्याच्या नावाची करा."

मग प्राध्यापक उठून उभे राहिले.

"पाहिलंत?" ते सभागृहाकडे वळून म्हणाले. "मी काही नाही, माझ्या मित्रानं केलं! अशी माणसं आता कुठं मिळणार?"

सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

"अहो, मी खरंच सांगतोय!" हैबत ओरडला.

"बढायांसाठी नावाजलेल्या अबादानचा माणूस आणि बढाई नको म्हणतोय!" मागून कोणी तरी ओरडलं. "याला दोन पाट्या लावा!"

हशा आणि टाळ्या एकदमच उसळल्या. फरामर्जनं डोळे पुसत हैबतचा खांदा चुंबला. हैबत जितकं नाही म्हणाला, तितका तो मोठा होत गेला. शेवटी तो मंचावरून उतरला. आपल्याकडे मोठा माणूस असंच तर बोलतो. खऱ्याला वेगळे शब्द आणायचे कुठून?

गर्दी पांगली. लोक पिशव्या सांभाळत, एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत घाईनं निघाले. रिकाम्या रांगेत हैबत एकटा बसला होता. गुलअंदाम खानम काठी टेकत येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली.

"थकलात, हैबत आगा."

"खानम, निदान तुम्ही तरी विश्वास ठेवा. मी नम्रपणा करत नव्हतो."

"ठाऊक आहे. तुम्ही तिथं नव्हतात."

हैबतनं डोळे मिटले. छातीवरची धोंड कोणी उचलावी तसं त्याला झालं. "म्हणजे नामदारनं तुम्हाला सांगितलं होतं."

"त्यानं मला वेगळंच सांगितलं. मरेपर्यंत म्हणत होता, हैबतला एकटा टाकून मी धक्क्यावर गेलो, त्या बिचाऱ्यानं सगळं निभावलं. तुमच्याकडे बोट दाखवलं ते श्रेय द्यायला नाही. त्याला तेच खरं वाटत होतं."

हैबत तिच्याकडे वळला. "तो पण धक्क्यावर होता?"

"दिव्याच्या खांबावर चढून बसला होता म्हणे. टोपी पण पाण्यात घालवली."

"असं कसं होईल, खानम? तासाभरात काच रिकामी झाली असती. कोणी तरी चाक फिरवलंच."

तिनं काठी गुडघ्यांवर आडवी घेतली.

"त्या दुपारी त्याचं जेवण घेऊन मी बॉयलरघरात आले होते. आत कोणीच नव्हतं, फाटकावरचा पहारेकरीसुद्धा तुमच्याबरोबर धक्क्यावर. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि नामदार घरी दुसरं काही बोलतच नसे, रात्रंदिवस ती काच आणि ते चाक." ती खुर्चीला धरून उठली. "पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं, हैबत आगा. मी अंगावर पांघरलेली चादर कमरेला खोचली आणि तुम्ही परतल्याचे आवाज येईपर्यंत ते चाक फिरवत राहिले."