आपला

"कागद असेल तर दाखवा, काका. नसेल तर मी भावाला काय सांगू?"

दणक्याची मुलगी उभी राहूनच बोलत होती. बसायला छापखान्यात एकच स्टूल होते आणि त्यावर जुळारी बसला होता. एकतीस वर्षे त्याने त्याच स्टुलावर बसून शिशाचा एकेक खिळा उचलून शब्द जुळवले होते. शेजारचे छपाईयंत्र दणका चालवी. यंत्राचा आवाज आणि त्याचा स्वतःचा आवाज यांत फरक करता येत नसे, म्हणून तो दणका. जुळारी एका वेलांटीसाठी तासभर वाद घाली, म्हणून दणका त्याला वेलांटी म्हणे.

दणका जाऊन दोन महिने झाले होते. जागेला गिऱ्हाईक आले होते. परवाना दणक्याच्या एकट्याच्या नावावर होता. अर्ज भरायच्या दिवशी जुळाऱ्याच्या हातात अर्धवट जुळवलेले पान होते आणि ते सोडून उठणे त्याला पटले नव्हते. आता छापखाना निम्मा त्याचा ठरला, तर विकायचा की नाही हे त्याला विचारावे लागणार होते. तसे न ठरले, तर स्टुलावरून उठायचे होते.

"माझं मन सांगतं, अर्धा तुमचा आहे," मुलगी म्हणाली. "पण भावाला मन चालत नाही, कागद लागतो. गंमत बघा, सगळ्या बाजाराचे कोरे करारनामे तुम्ही दोघांनी छापले आणि स्वतःचा एकही नाही."

"आहे," जुळारी म्हणाला. "एक प्रूफ निघालं होतं. तुझ्या बाबांच्या खणात बघ."

ती खण उपसू लागली आणि जुळाऱ्याला ती दुपार आठवली. छापखाना नवा होता, शाईचा वास अजून भिंतींना लागायचा होता. जुळारी बाहेर गेला असताना दणक्याने आपल्या जाडजूड बोटांनी चार ओळींचा करार स्वतःच जुळवला, कागदावर प्रूफ काढले आणि परीक्षेला बसल्यासारखा समोर उभा राहिला. जुळणी वेलांटीने करावी. यंत्र दणक्याने चालवावे. सुट्टी दोघांनी एकाच दिवशी घ्यावी. हा छापखाना आपला राहील. एवढ्या मजकुरात अकरा चुका होत्या. जुळाऱ्याने लाल शाईने दहा दुरुस्त केल्या आणि अकरावीपाशी तो थांबला.

"'आपला' हा शब्द करारात चालायचा नाही. आपला म्हणजे माझा, तुझा की दोघांचा? मोठ्या माणसाला आदरानं आपण 'आपला' म्हणतो. पत्राखाली सहीच्या वर 'आपला' लिहितो. शिवाय मी आपला गुमान घरी जातो, त्यातला 'आपला' तर कोणाचाच नाही."

"मग कोणाचा लिहायचा ते तूच लिही ना, वेलांट्या," दणका म्हणाला होता.

मग दोघे पोट धरून हसले होते. पुढे काय लिहिले, ते जुळाऱ्याला आठवत नव्हते. हसणे तेवढे लख्ख आठवत होते. करार छापायचा राहून गेला, आणि आपल्याला कागदाची गरज पडली नाही, असे तो पुढे आयुष्यभर अभिमानाने सांगत आला.

दुरुस्तीच्या सगळ्या खुणांपैकी दणका एकच शिकला होता. खोडलेल्या शब्दाखाली टिंबांची रांग दिली की खोडणे रद्द. शब्द होता तसा ठेवायचा. ही खूण त्याला फार आवडली होती. वर्षातून दोनतीनदा भांडण होई, जुळारी हजेरीच्या पाटीवरचे स्वतःचे नाव फाडकन खोडून निघून जाई, आणि सकाळी येऊन पाहावे तर नावाखाली खडूची टिंबे असत. जुळारी स्टुलावर बसे. यंत्र सुरू होई.

"सापडलं," मुलगी म्हणाली.

कागद पिवळा पडला होता. तिने तो खिडकीपाशी नेऊन वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि मग त्याच्यासमोर धरला. शेवटच्या ओळीतला "आपला" लाल शाईने खोडलेला होता. त्याच्या डोक्यावर सुबक, घोटीव अक्षरात लिहिले होते, "तुझा". खाली, प्रत्येक प्रुफावर सवयीने लिहावे तसे, "दुरुस्त्या करून छापावे", आणि तारखेसह सही.

"काका, हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच." स्वतःची वेलांटी नाकारणे त्याला जन्मात जमले नसते.

"मग मी भावाला…" ती अडखळली. तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "आणि खोडलेल्या शब्दाखाली ही पेन्सिलीची टिंबं कसली?"

जुळाऱ्याने चष्मा काढून पुसला. टिंबे चार होती, जाड, पेन्सिल दाबून दिलेली. शेवटच्या टिंबाने कागदाला भोक पडले होते. सांगायला त्याने तोंड उघडले आणि तसेच मिटले. ती टिंबे दणक्याचीच, हे सांगू शकेल असा माणूस आता एकच उरला होता, आणि त्या टिंबांनी निम्मा छापखाना त्याचाच व्हायचा होता.