जन्माला न आलेली बाई

गहिनीनाथ आबांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि बोटाने स्वप्नाकडे सरकवला.

"ही आमची सून हाय," ते म्हणाले.

मोबाइलवर एका दूधडेअरीच्या फलकाचा फोटो होता. हिरवी साडी नेसलेली तरुण बाई, हातात दुधाची किटली, तोंडभर हसू. चार दिवसांपासून हा फलक बीडच्या बसस्थानकाबाहेर झळकत होता. छापणाऱ्याला गाठून, चित्र कुणाकडून घेतलं ते विचारून आबा दिंद्रुडहून थेट स्वप्नाच्या दोन खोल्यांत येऊन बसले होते.

आबांच्या शब्दाशिवाय तिकडे पान हलत नसे, हे तिला ठाऊक होतं. त्यांचा ड्रायव्हर धुळाजी दार अडवून उभा होता. आबांना पटलं नाही तर आज आपलं काही खरं नाही, एवढं तिला लख्ख कळत होतं.

"आबा, ही बाई जन्मालाच आली न्हाई," ती म्हणाली. "मी कंप्युटरला लिहून सांगते, कशी बाई पाहिजे, कसली साडी पाहिजे. तो चित्र काढून देतो. मी ते चित्रं विकणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकते. जाहिरातवाले तिथून घेतात."

आबा डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसू लागले.

"आमच्या ह्या सुनंला, संस्कृतीला, जाऊन दीड वरीस झालं. कालव्यावर धुणं धुयाला गेलती. पाय घसरला. देह सुदीक गावला न्हाई बघ." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मेलेल्या पोरीचा फोटो कुनी इकत असंल, तर इचारावं का न्हाई?"

"इचारावंच, आबा."

तिने भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. कंपनीचे नियम तिने मराठीत लिहून काढले होते. "बोटं पाचच पाहिजेत. पाटीवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. मशीननं काढलेलं हाय, हे आधी सांगावं लागतं. कुण्या जित्या माणसासारखा चेहरा चालत न्हाई. आन खऱ्या माणसाचा फोटो असला, तर त्याच्या नावाचा, सहीचा कागद लागतो. तीनदा चूक झाली की खातं बंद. माझ्या दोन झाल्यात."

"मग हिचा सहीचा कागद कुठाय?"

"जी बाईच न्हाई, तिची सही कोन करनार?"

आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "हनुवटीवर तीळ न्हाई. संस्कृतीला व्हता. बाकी तीच."

"हे बघा." स्वप्नाने चित्र लॅपटॉपवर उघडून मोठं केलं. "डाव्या कानातल्या झुब्याला तीन मणी, उजव्याला चार. ही बांगडी बघा, अर्धी मनगटात गेलीय. खऱ्या बाईच्या हातात अशी बांगडी असती का?"

"आन असलं चित्र कंपनीनं घेतलं?"

"ते बोटं मोजतात, आबा. बांगडीकडं कोन बघतंय."

आबा जरासे हसले. मग म्हणाले, "माझ्यासमोर काढ."

स्वप्ना लिहू लागली. दोनदा अक्षरं चुकली, पुसून पुन्हा लिहिली. थोड्या वेळात चार बाया पडद्यावर आल्या, हिरव्या साडीतल्या, किटली घेतलेल्या. आबांनी एकेकीला निरखून पाहिलं.

"ह्यात ती कावून न्हाई?"

"तोच चेहरा पुन्यांदा येत न्हाई. आदी काय काढलं, ते त्याचं त्यालाच ठावं नसतं."

तेवढ्यात धुळाजी दारातून आत आला.

"ताई, पानी मिळंल का?" म्हणत तो सरळ स्वयंपाकघराकडे निघाला.

स्वप्ना इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे पडली. "बसा बसा, मी आणते. आत लई पसारा हाय." तिने तांब्या आणला तेव्हा अर्धं पाणी तिच्याच हातावर सांडलं होतं.

"भ्याली पोरगी," आबा धुळाजीला म्हणाले आणि उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "भिऊ नको. म्हातारपनी डोळे फसत्यात. लई जीव व्हता माझा तिच्यावर. तेवढं चित्र काढून टाक बाई, लोक कायबाय बोलाया लागलेत."

"आत्ताच काढते, आबा."

तिने त्यांच्या पाया पडून त्यांना वाटेला लावलं. गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली. आवाज पुरता विरेपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी राहिली. मग कडी घातली, आत जाऊन ज्वारीच्या कोठीपुढची पोती ओढली. कोठीमागे अंग चोरून बसलेल्या बाईने तोंडात कोंबलेला पदर काढला.

"ऊठ संस्कृती, गेले तुझे सासरे," स्वप्ना म्हणाली. "तुझ्या फोटोतला तीळ पुसून बांगडी बिघडवली व्हती, म्हणून निभावलं. आपन कालव्यात लोटली ती मेलीच, अशी खात्री करून गेले."