पालोमाची घंटा

ओढ्याच्या काठावर घोडा थांबला. त्याने कान मागे वळवले आणि नेलिदाने लगाम कितीही खेचला तरी सरळ घराची वाट धरली. तिने टाच मारली, शिवी हासडली, शेवटी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. घोडा ऐकत होता ते फक्त मागून माळावरून येणारं पालोमा घोडीच्या घंटेचं टणटण.

फाटकाशी गडी सिरिलो दात काढून उभाच होता. "काय बाईसाहेब, ओढा अजून जागेवर आहे ना?"

तिचा सासरा, म्हातारा एवारिस्तो, माटेचा कडू काढा नळीने ओढत बसला होता. त्याने मानही वर केली नाही. "खोगिराचा तंग ढिला बांधतेस, पोरी. पडशील एक दिवस."

'जाऊ नकोस' असं तिला कोणी म्हटलंच नव्हतं. तीच तर पंचाईत होती. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. बेनितोला, तिच्या नवऱ्याला, पुरून घरी आले तेव्हा म्हाताऱ्याने मुलाचा गुरं धरायचा फासाचा दोर तिच्यासमोर टेबलावर ठेवला होता. "एवढी गुरं आहेत. कोणीतरी शिकायला हवं." तेव्हापासून ती शिकत होती. दोराने तळहात सोलून निघत. वासरांच्या बेंबीतले किडे ज्या बोटांनी काढायचे, त्याच बोटांनी पाव मोडायचा. तिकडे कोरिएन्तेस शहरात तिची बहीण शिवणाचं दुकान चालवायची आणि एक मशीन हिच्यासाठी झाकून ठेवायची. ओढ्यापलीकडच्या तिठ्यावर बस थांबे. पण पायी जावं तर दलदल, आणि घोड्यावर जावं तर घंटा.

ती पांढरी घोडी म्हाताऱ्याने तिला पहिल्याच दिवशी दाखवली होती. गळ्यातल्या घंटेचा लोखंडी लोलक बोटाने हलवून तो म्हणाला होता, "ही वाजते तोवर आपल्याला कुंपण नको. घोडे हिचा आवाज सोडून जात नाहीत. कसलेला स्वार ओढून नेतो लांब, नवख्याला ते जुमानत नाहीत. पण ही मुकी झाली तर आठवड्यात सगळे पांगतील. मग मी पायी. अन् पायी माणसाला गुरं विचारत नाहीत."

ओढ्यावरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका वासराचं पोट तारेने फाटलं. सिरिलोने ते धरून ठेवलं, नेलिदाने शिवलं. म्हातारा गुडघ्यावर बसून बराच वेळ ते टाके बघत राहिला.

"इतके बारीक? वासरू आहे ते, लग्नाचा झगा नव्हे."

"मला असेच येतात," ती म्हणाली.

म्हातारा गुडघे झटकत उठला.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती गाठोडं घेऊन बाहेर आली. ऊन उतरेपर्यंत कोणी उठत नसे. खांबाशी तिचा घोडा खोगीर चढवून तयार होता. तंग घट्ट. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं आणि तो मजा बघत होता! तरी तिने गाठोडं खोगिराच्या पिशवीत कोंबलं आणि ती चढली. हसायचं तर हस म्हणावं, पोटभर.

ओढ्याशी घोडा थांबला. कान मागे गेले. घंटेच्या आवाजाची वाट बघत नेलिदाने डोळे मिटून घेतले. नुसते रातकिडे किरकिरत होते, भर उन्हात. घोडा कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, आणि मग आपणहून पाण्यात उतरला.

तिठ्यावर ती खाली उतरली. लगाम काढला, त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. "जा घरी."

घोड्याने मान उंच केली, चारी दिशांना कान फिरवले आणि तिथेच उभा राहिला.

"अरे, जा ना बाबा!"

लांबवर बसची धूळ दिसू लागली. आपलं गाठोडं काढायला तिने खोगिराच्या पिशवीत हात घातला. हाताला काहीतरी जड लागलं. म्हाताऱ्याचा गळ्यातला निळा रुमाल, चार गाठी मारलेला. तिने दातांनी गाठी सोडल्या.

आत घंटेचा लोखंडी लोलक होता.