दर महिन्याचे एकशे ऐंशी

१९९७ साली लेसोथोच्या डोंगरातल्या त्या दवाखान्यात नवा नियम आला. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात असेल त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम. ज्यांचा चढलेला असेल त्यांनी दर महिन्याला यायचं.

गावच्या बायका खूश झाल्या. दोन तासांची चढण वाचली. म्हाताऱ्या मालिनेओला मात्र हा नियम नको होता. नवरा सोन्याच्या खाणीत गेला तो परतलाच नव्हता. लेक लिनेओ राजधानीत, मासेरूच्या कापड कारखान्यात. महिन्यातून एकदा सिस्टर पुलेंगसमोर बसायचं, तेवढंच तिचं बोलणं.

तिने गोळ्या चुकवायला सुरुवात केली. तपासणीच्या आधी आठ दिवस एकही नाही. डोकं ठणकायचं, चढणीवर अंधारी यायची. मग ती ब्लँकेट आवळून दगडावर बसायची आणि पुन्हा उठायची.

पुलेंग दंडाला पट्टा बांधायची, फुगा दाबायची.

"एकशे ऐंशी. आजी, गोळ्या घेतेस ना?"

"घेते की."

"मग मीठ फार खात असशील."

"मीठ घालायला भाजी तर हवी घरात."

"पुढच्या महिन्यात परत यावं लागेल तुला."

"येईन," मालिनेओ तोंड पाडून म्हणायची.

मग पुलेंग चहा टाकायची. बाक रिकामाच असायचा.

"तू लग्न कधी करणार, पोरी?"

"या डोंगरावर येतंय कोण? गाढवं."

"त्यातलंच एखादं बघ. ओझं तरी वाहील."

दोघी हसायच्या. तो तासभर मालिनेओला महिनाभर पुरायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात ती चढणीवरच कोसळली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. लिनेओ तिला मासेरूला घेऊन गेली. तिथे ती आणखी चार वर्षं जगली, भिंतीकडे तोंड करून.

पुलेंगची त्याच वर्षी खाली सपाटीवर बदली झाली. तिने पुढे लग्न केलं नाही. निघताना तिने रक्तदाबाचं यंत्र नव्या नर्सपुढे सरकवलं.

"हे टाकून दे. नियम आला त्याच्याही आधीपासून काटा हलत नाही. जिल्ह्याला कळवून थकले."

"मग ताई, तुम्ही तपासत कशा होता?"

"सगळ्यांना तीन महिन्यांच्या देऊन टाकायचे. एका म्हातारीला तेवढं दर वेळी एकशे ऐंशी सांगायचे," पुलेंग म्हणाली. "ती आली नसती, तर इथे माझ्याशी बोलायला कोण होतं?"