चिठ्ठी नसलेलं रिव्हॉल्व्हर

"हे आपल्याकडे आलं कुठून?" ऑर्विलने तिसऱ्यांदा विचारलं.

"सांगितलं ना बाबा, मागच्या खणात होतं," डार्ला म्हणाली. "तुम्ही फक्त किंमत सांगा."

बापलेकीची पैज सकाळीच ठरली होती. बिलिंग्ज शहरातल्या एका जाणकाराने या रिव्हॉल्व्हरचा आकडा लिहून पाकिटात बंद करून दिला होता. ऑर्विलचा अंदाज त्याच्या जवळपास आला तर दुकान चालू राहणार, नाहीतर शनिवारपासून कुलूप. गेल्या महिन्यात तो दोनदा दुकान सताड उघडं टाकून घरी गेला होता, आणि बंदुकांच्या दुकानात असला विसरभोळेपणा म्हणजे काही गंमत नव्हे. पण पंचेचाळीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस घरी बसून करणार काय? खिडकीतून हरणं मोजणार?

"मला म्हातारा ठरवायला निघालीस, कारटे!"

त्याने आधी गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं, सहाही घरं रिकामी असल्याचं पाहिलं, तिलाही दाखवलं. हात सराईत होते. डार्लाला जरा बरं वाटलं.

त्याचा गोंधळ मात्र संपेना. दुकानात आलेल्या प्रत्येक जुन्या हत्याराला चापापाशी दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, हा त्याचाच नियम.

"ह्याची चिठ्ठी कुणी काढली? तू?"

"नाही. कधी नव्हतीच."

"असं कसं? चिठ्ठी नाही म्हणजे विकायचं नाही. मग दुकानात कशाला? डोक्याचा पार भुगा केलास बघ."

डार्लाने त्याची कॉफी बाजूला सरकवली.

तो रिव्हॉल्व्हर घेऊन खिडकीपाशी गेला आणि डोळ्याला भिंग लावलं.

"मुलामा मूळचाच आहे. कुणी शहाण्याने चमकवायला नवा दिला असता तर निम्मी किंमत बुडाली असती. मुठीवर अंगठ्याची झीज उजव्या बाजूला, म्हणजे गडी डावखुरा. आणि हे बूड बघ, कसं चेचलंय! गाढवाने कुंपणाचे खिळे ठोकलेत ह्याने!"

डार्लाला हसू आलं. लहानपणी या खिळ्यांवरून आईने घर कसं डोक्यावर घेतलं होतं, ते तिला आठवलं.

ऑर्विलने कानामागची पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि आकडा लिहिला. आठशे चाळीस डॉलर.

डार्लाने पाकीट फोडलं. आठशे पन्नास.

"काय म्हणत होतीस? बाबांचं डोकं गेलं?"

"जिंकलात बाबा." तिच्या आवाजात आनंद नव्हता. "पण आणखी काही नाही दिसलं तुम्हाला? नीट बघा ना."

"आणखी काय दिसायचंय?" तो वैतागला. तरी त्याने स्क्रू सैल करून मुठीची लाकडी फळी काढली. आतल्या बाजूला चाकूने अक्षरं कोरलेली होती.

"'माझ्या ऑर्विलला, लग्नाच्या दिवशी,'" त्याने वाचलं, आणि त्याचा चेहरा खुलला. "अगं, हा गडी तर माझ्याच नावाचा निघाला!"

डार्लाने काउंटर घट्ट धरला.

"विकायचं नाही हे," त्याने फळी जपून जागेवर बसवली. "त्याला शोधून काढ, पोरी. बायकोने दिलेली वस्तू आहे, बिचारा शोधत असेल कुठेतरी."