माशा खाणाऱ्या झाडाची राखण

सुभद्राबाईंनी सुनेचं ताट, तांब्या आणि वाकळ उचलून ओसरीच्या टोकाला नेऊन ठेवली.

"माळकऱ्याचं घर हाय हे. माशा खानाऱ्या झाडाला शिवनारीनं आत यायचं न्हाई. पोरीला जवळ घ्यायचं न्हाई."

रंभानं ओसरीच्या टोकालाच वाकळ अंथरली. सासू एकदा बोलली की बोलली, हे सगळ्या थेरगावाला ठाऊक होतं.

पण त्या झाडाची राखण सोडणं तिला शक्य नव्हतं. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला, तिथल्या दवाखान्यात कुसुमताई डॉक्टरीणबाई आल्या, आणि त्यांच्या सुयांनी तिची पोर इंद्रायणी तापातून उठली. बाईंनी काही घेतलं नाही. मग श्रावणात त्यांनीच तिला बोलावलं.

"परदेशी पाहुण्यानं दिलेलं रोप आहे. इथल्या उन्हात जगवायचंय. रोज येऊन बसशील त्याच्याजवळ?"

उपकार फेडायची वाट देवानंच दाखवली, असं रंभाला वाटलं.

रोपाचे लाड जावयालाही लाजवतील असे होते. विहिरीचं पाणी चालायचं नाही, कारखान्यातलं शुद्ध केलेलं पाणी बशीत भरायचं. खत नाही. दातेरी पानांत उगाच काडी घालायची नाही. सकाळचं ऊन, मग सावली आणि मोकळा वारा.

राखणदारिणीलाही नियम होते. बाईंच्या व्हरांड्यातून हलायचं नाही. रोपाला धुराचा वास सोसत नाही, म्हणून घरीही चुलीपुढे जायचं नाही. ओझं उचलायचं नाही. खोकला आला तर पदर तोंडाशी धरून मान वळवायची, नाहीतर पानं मिटतात. शिवाय अशा झाडाजवळ बसायचं म्हणून रोज एक सुई, पेलाभर दूध, आणि अधूनमधून छातीचा फोटो. जन्मात कधी स्वस्थ न बसलेली रंभा हे सगळं निमूट पाळत होती.

संध्याकाळी इंद्रायणी उंबऱ्याच्या आतून हात करायची. सुभद्राबाई तिला ओढून न्यायच्या आणि रंभाच्या कोपऱ्यातल्या ताटात लांबूनच भाकरी वाढायच्या. बाई परकी असून देवमाणूस, आणि घरची माणसं ही अशी. रंभाचा जीव जळायचा.

वैशाखात पानं काळी पडू लागली. तिनं ओलं गोणपाट बांधलं, पदरानं वारा घातला. तरी एका सकाळी रोप मुळापासून लिबलिबीत झालं. कुंडी उराशी धरून ती दवाखान्यात गेली. तिला रडू आवरत नव्हतं.

"बाई, येवढं एक काम सांगितलंत. त्ये बी न्हाई झालं माझ्याच्यानं."

कुसुमताईंनी कुंडी बाजूला ठेवली. नळी लावून तिची छाती नीट ऐकली. मग कालचा फोटो खिडकीतल्या उजेडात धरला.

"क्षय होता तुला, रंभा. डाग भरून आलाय. आता पोरीला जवळ घे."

रंभानं बाईंचे पाय धरले.

"तुमीच वाचवलं मला."

"मी सुया दिल्या," कुसुमताई म्हणाल्या. "पण 'रोगाचं नाव फुटलं तर गाव तिला वाळीत टाकील, आणि काम सोडून ती काही बसायची न्हाई, तवा बसायचंच एखादं काम द्या, घरातलं मी बघते, मला वाईट म्हनली तरी चालंल,' असं म्हणत श्रावणात दिवसभर माझ्या पायरीवर कोण बसलं होतं, ते घरी जाऊन सासूबाईंना विचार."