देजाची बोलणी

"पगार किती म्हनलास?" ज्ञानेश्वरने दुसऱ्यांदा विचारलं.

"तेरा हजार," जीवन म्हणाला.

"आनि बँकेचा हप्ता?"

"साडेसात."

धसई गावात ज्ञानेश्वरच्या घराच्या पडवीत बसलेली माणसं चहा पिता पिता थांबली. ज्ञानेश्वर भेंडी पिकवणारा माणूस. मजुरांचा रोज आणि टेम्पोचं भाडं देऊन त्याच्या हाताशी चार पैसे उरत. तेरातून साडेसात गेले की मागे काय राहतं, ते त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं. त्याची मुलगी सोनाली दाराला टेकून उभी होती. तिला जीवन पसंत होता आणि जीवनला ती. मुरबाडच्या एसटी स्टँडवरची दोन वर्षांची ओळख होती त्यांची, म्हणजे जुळायचं ते जुळलेलंच होतं. अडलं होतं फक्त देज.

त्यांच्यात हुंडा नाही. मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात आणि लग्नाचा खर्चही मुलाकडचेच करतात. तेवढी ऐपत नसेल तर मुलगा सासऱ्याच्या घरी राहून, देज फिटेपर्यंत त्याच्या शेतात राबतो. ही चाल आता गावागावांतून उठत चालली आहे, पण विसरलं कोणीच नाही. जीवनचा बाप कमळू तर नाहीच नाही. रंगूशी लग्न करायला तो तिच्या बापाच्या शेतावर सहा वर्षं राबला होता. पुढे शहापूरकडच्या आपल्या गावी परतला, दोन खोल्या बांधल्या, पोरगा मोठा झाला. तरी चारचौघांत अजून त्याचं नाव 'घरजावई कमळू'च. आपल्या पोराला हे नाव चिकटू नये, म्हणून त्याने जीवनला शिकवायचं ठरवलं.

शिकवलं मात्र भलतंच. कोणीतरी सांगितलं, गुन्हेशास्त्राची पदवी घेतली की पोरगा सरळ फौजदार होतो. कमळूने फार चौकशी केली नाही. बँकेत जाऊन कागदांवर अंगठे उठवले आणि चार लाख काढले. कमळूचा पोऱ्या गुन्हे करायला शिकतो, म्हणून गावाने चेष्टा केली, तीही त्याने हसून घेतली. तीन वर्षांनी कळलं, फौजदाराच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते. जीवन दोनदा परीक्षेला बसला, दोनदा आपटला. आता आसनगावजवळ हायवेवरच्या एका गोदामाच्या फाटकावर निळा शर्ट घालून तो ट्रकांचे नंबर टिपून घेतो. सुरुवातीला त्याला लाज वाटायची, राग यायचा, एकटा असला की रडूही यायचं. मग एकेक करून सगळं बंद झालं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो, तसं आतून बधिर झालं. आता कोणी विचारलं की तो आकडा सांगतो आणि गप्प बसतो.

"कर्ज फिटायला किती वरसं?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"सात."

ज्ञानेश्वरने कप खाली ठेवला. माणूस सरळ होता, त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. "कमळूदादा, राग मानू नका. माझ्याकडं तोडनीला मानूस मिळत नाय. पोऱ्या इथं ऱ्हाऊ दे. बँकेचा हप्ता मी भरीन, देज मागनार नाय, दोघांच्या पोटाचं बघीन. सात वरसं शेतात राबू दे. मंग त्यो मोकळा."

"चालंल," जीवन लगेच म्हणाला. त्याला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. फाटकाऐवजी भेंडी, एवढंच त्याला कळलं.

कमळूचा चेहरा मात्र पार उतरला. पडवीतल्या माणसांनी नजरा चुकवल्या, कारण त्याची जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. रंगू नवऱ्याकडे बघत पदराचं टोक चाळवत राहिली.

"नाय," शेवटी कमळू म्हणाला. "माझ्या पोऱ्याला कोनी घरजावई म्हनायचं नाय."

"मंग देज कुठनं आनता, दादा? आनि ह्या पगारात माझी पोरगी खायची काय?"

"त्यो नोकरी करंल. तुमची भेंडी तोडायला मी येतो. सात वरसं येतो. मला सवय हाय."

"अवो, वय बघा की आपलं!" रंगू म्हणाली.

आता पोरगाच 'नको' म्हणेल, म्हणून सगळे जीवनकडे बघू लागले. सोनालीही दारातून एक पाऊल पुढे आली. जीवन खाली बघत होता. हप्ता बापाच्या मजुरीतून गेला तर पगार पुरा आपल्या हातात राहतो, हे त्याने मनातल्या मनात जुळवलंही होतं.